कशानंच भाग न जाणारी संख्या

गणिताचं पहिलं बक्षीस कसं मिळतं, ते ऐका. शाळेच्या प्रदर्शनात माझ्या चार्टशेजारी सुजयनं चाळीस आकडी संख्या लावली होती. वर लिहिलेलं, ‘मूळ संख्या. कशानंच भाग जात नाही.’

मी हळूच म्हणाले, “शेवटी पाच आहे. पाचनं जातो.”

त्यानं पाचावर सात चिकटवला. “आता बोल!”

मी सगळ्या अंकांची बेरीज केली. “तीननं जातो.”

“लय शहाणी हायस!” म्हणत त्यानं साताचा आठ केला.

तेवढ्यात परीक्षक म्हणून बोलावलेले सणसरचे आबा आले. “एवढ्या मोठ्या आकड्याला कोण भागतंय? पयला नंबर ह्येचाच!”

माझा दुसरा आला.

सुजय ऐटीत म्हणाला, “आता कशानं जातो, सांग की!”

“दोननं.”

तो अजून कॅल्क्युलेटरवर बघतोय.