सुमनची कामाची गाडी

सुमनच्या गाडीचं काय झालं, ते तुम्हाला सांगायचंच राहिलं. बायको गेल्यावर तिची गाडी वर्षभर दारात उभी होती. शेवटी विकायला काढली. धुळ्यातलेच एक पाटील बघायला आले.

"दादा, कामाची गाडी आहे ते दिसतंय. पण चालवायला मजा येते का?"

"मजा कसली? भाजी, दवाखाना आणि सासूबाईंना सोनगीरला सोडणं. सुमन कधी पन्नासच्या वर गेली नाही."

सासूबाईंना त्या दिवशी सोनगीरला सोडायचंच होतं. म्हटलं, तुम्हीच चालवा, गाडीही बघून होईल. पाटील हायवेवर एका ट्रकमागून अगदी जपून चालले होते. तेवढ्यात सासूबाई मागून कडाडल्या.

"काय भाऊ, बैलगाडी चालाडी राहिना का? दाब ना जरा! मनी पोर आठे बठ्ठा ट्रक मांगे टाके!"

मी गर्रकन मागे वळलो. "कोण? सुमन सगळे ट्रक मागे टाकायची?"

"मंग कोन? गाना म्हनत चालाडे."

"अहो आक्का, मी इतकी वर्षं तिच्या शेजारी बसलोय!"

"तुम्ही संगे राहेत तवय ती हळू चालाडे, जावईबापू. तुम्हले भ्याव वाटे ना."

पाटील खूश झाले. "म्हणजे मजा येते! मग ठरवायचं का दादा?"

"गाडी बाजूला घ्या," मी म्हणालो. "आधी मला चालवून बघू द्या."