नारळ कुणी फोडायचा

माझं म्हायार म्हसवडकडचं. बाप मेंढरं राखायचा, पावसाळा सरला की घोड्यावर बिऱ्हाड आन आमी मागनं चालत, साळा कसली न्हाई. लगीन करून हिकडं कवठे महांकाळच्या बाजूला आले. गावाचं नाव लिवू नगा, लिवलं तर दोनी गटांची माणसं दारात येऊन बसतील, आदीच लय झालंय.

आमचं मालक कुपवाडला कारखान्यात व्हतं, लोखंड ओतायच्या कामाला. गडी कसा, पोतं एका हातानं उचलायचा. त्येंच्या किडन्या गेल्या. आता काय सांगू तुमाला, आठवड्यातनं दोनदा मिरजंला जायाचं, मशीनवर रगत धुवून घ्यायचं, परत यायचं. पहाटं निघायचं, जाताना यष्टीत उलट्या, येताना अंगात तरान न्हाई, आन बसायला जागा मिळंल तर मिळंल.

तर ती मशीन आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात आली. व्हय, आली. खोली झाली, फरशी बसली, नळ बसलं. मी सवता खिडकीतनं बघितली, प्लास्टिकात गुंडाळल्याली. मला रडूच आलं, मालकास्नी म्हनलं, आता घरचं जेवून जायाचं आन घरला येऊन जेवायचं. आन तितंच समदं अडलं. निधी आणला जुन्या आमदारानं, तवर सरकार बदललं, आमदार दुसऱ्या पार्टीचा आला. जुना म्हणतो मशीन मी आणली, नारळ मी फोडणार. नवा म्हणतो सरकार आमचं, नारळ आमचा, मशीन चालवणाऱ्या माणसाचा पगार आमीच मंजूर करणार, आदी दारावरची त्येच्या नावाची पाटी बदला. जुन्याची पोरं पाटीपुढं आडवी झाली. पगार अडला, खोलीला कुलूप पडलं. कशापायी, तर नारळापायी.

आमचं मालकबी कसलं, जल्मभर जुन्याच्या गटाचं. नव्याकडं जाऊन हात जोडा म्हनलं, तर म्हणालं मरंन पर त्येच्या दारात जानार न्हाई. मला असा संताप आला, म्हनलं तुमी खुशाल मरा, मी मागं काय करू?

मग एका आयतवारी म्हायारच्या देवाला, सिद्धनाथाला ठेवल्याला नारळ उचलला, दवाखान्यात गेले आन त्या खोलीच्या पायरीवर फोडला. म्हनलं झालं उद्घाटन, काढा कुलूप. नर्सबाई बिचारी म्हणाली, आवं मावशी, किल्ली माझ्याकडं न्हाई वो, आन मशीन चालवायला माणूस तरी कुठाय.

सांजच्याला काय झालं ठावं हाय? जुन्याची माणसं आन नव्याची माणसं, कवा एका पारावर बसली न्हाईत ती, एका गाडीत बसून पोलीस पाटलाकडं गेली, माझी तक्रार द्यायला. बाईनं नारळ फोडला, आमचा अपमान केला म्हणं. ह्येला बरी एक झाली. मालकास्नी कळलं तवा त्येनी आपल्याच गटाला शिवी घातली, आन मला म्हणालं, खोबरं तरी आणलंस का घरी.

आमी अजूनबी मिरजंलाच जातोय. परवा येताना यष्टीतच त्येंची शुद्ध गेली, कंडक्टरनं पाणी मारलं. मशीन हितं गावात, आन माणूस तितं रस्त्यावर.

मी कुणाला शाप देत न्हाई. त्या दोगा आमदारांना देवानं लय आयुष्य द्यावं. फकस्त कवा किडनीचं दुखणं आलंच, तर त्यास्नी मोटार मिळू नये, पहाटंच्या यष्टीनं मिरजंला जावं, आन येताना उभ्यानं यावं.