घोंगडीवर बसलेला साहेब

आमी सास्तूरचे, मेंढरांमागं फिरणारी माणसं. मेंढरांतून माणसाला एक ताप लागतो, चढतो-उतरतो, सांधे धरतो, डॉक्टर मलेरियाच्या गोळ्या देऊन मोकळा होतो. माझा चुलता त्यातच वाकला. म्हणून म्या त्याच तापावर पीएचडी केली. पुढचं संशोधन करायला विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात पोस्टडॉकची जागा पाहिजे होती. आबांना, म्हंजे वडलांना, हे सांगितलं तर ते म्हणले, एवढं शिकून अजून दुसऱ्याच्याच कळपामागं? म्या म्हणलं, व्हय, तसंच.

काय सांगू तुम्हाला, लई ईमेल टाकले. उत्तर आलंच तर एकच सवाल, तुमचे गाईड कोण, कुणाच्या ओळखीचे. आमी बाजारात मेंढा घेताना त्याचे दात बघतो, ही शिकलेली माणसं त्याचा बाप विचारतात.

मग त्याच कॉलेजातले एक विभागप्रमुख स्वतः गाडी घेऊन घरी आले. त्यांना मेंढपाळांचं रक्त तपासायचं होतं, आणि आमची माणसं परक्याला हात देत न्हाईत. आबांनी घोंगडी अंथरली. आमच्यात सोयरीक, वाटणी, भांडण, सगळं तिच्यावरच मिटतं, तिच्यावर बसून दिलेला शब्द कुणी फिरवत न्हाय. सर ऐसपैस बसले, भाकरी खाल्ली. आबा म्हणले, सायेब, पोरीचं कसं? सर म्हणाले, बाबा, ती जागा तिचीच, तिच्याशिवाय हे काम करणार कोण. झालं. आबांनी पहिला हात पुढं केला, मग सगळ्या वस्तीनं.

मुलाखत म्हंजे नुसता तमाशा. समोरचे काजू खात होते. तापाबद्दल एकानं एक शब्द विचारला न्हाय, एक म्हणाला, इंग्रजीत आत्मविश्वास कमी वाटतो. जागा मिळाली सरांच्या गाईडच्या भाच्याला. त्या हुशारानं मलाच फोन करून विचारलं, ताई, मेंढीला पण शिंगं असतात का हो?

आबांना पटेचना. घोंगडीवर बसून बोलले होते की, एवढंच म्हणायचे. शेवटी म्या म्हणलं, आबा, त्यांना ती चटई वाटली.

पुढं त्याच माणसांचं रक्त परत लागणार होतं, त्याशिवाय सरांचं काम अर्धवट. सर आले, भाचा घेऊन. आबा दारात उभे, घोंगडी खांद्यावर. पाणी दिलं, ते आमी चुकवत न्हाय. म्हणले, सायेब, उभ्यानंच बोला. सर म्हणाले, बाबा, हे तुमच्याच भल्यासाठी आहे. आबा म्हणले, आमचं भलं करायला आमची पोर होती, ती तुम्हाला चालली न्हाय. वस्तीतला एक हात पुढं आला न्हाय. भाचा गाडीत बसला तो उतरलाच न्हाय, कुत्र्याला भ्याला.

आता म्या कळंबला कॉलेजात तासावर शिकवते, एसटीनं जाते-येते. ईमेल अजून टाकते. परवा दुसऱ्या मेडिकल कॉलेजातल्या मॅडम फोनवर म्हणाल्या, गावाला येऊ का? म्हणलं, याच, पण घोंगडी काय असते ते आधी ऐकून घ्या. ऐकलं, कळवते म्हणाल्या. अजून फोन न्हाय. न्हाय तर न्हाय.

काल चुलत्याला परत ताप भरला. हा ताप कच्च्या दुधातनं लागतो, आन आमची हट्टी माणसं ते कच्चंच पितात, म्हणून म्या घरोघर सांगत फिरते, उकळून प्या रे बाबांनो. एवढं सांगायला कुणाच्या नेमणुकीची गरज न्हाय.