बालवाडीतले मालक

(भालकीतली माँटेसरी बालवाडी सुटली आहे. चार वर्षांचा पंचाक्षरी आत चटईवर बसून आहे. दारात त्याची आजी शिवम्मा आणि शिक्षिका भुवनेश्वरी.)

शिवम्मा : मग दोन ठेवून द्यायच्या पाठीत. आम्ही कायबी म्हणणार न्हाई.

भुवनेश्वरी : आमच्याकडं मारत न्हाईत, आजी. कितीदा सांगू?

शिवम्मा : मग ह्यो चावायचा थांबंल कसा?

भुवनेश्वरी : तेच मला कळंना. आज मंजुश्रीच्या गालाला चावला. गुलाबी ठोकळे तिच्या चटईवर होते. इथं एका खेळाचा एकच संच असतो. तिनं रचून परत फळीवर ठेवले की मग ह्याची पाळी. पण ह्याला थांबणंच ठाऊक न्हाई.

शिवम्मा : लेकरू हाय. शिकंल हळूहळू.

भुवनेश्वरी : दिवाळीपासून हेच ऐकायलेय मी. खाली बसून सांगितलं, हात धरून सांगितलं, हळू आवाजात सांगितलं. प्रशिक्षणात शिकलेलं सगळं करून झालं, आता वीट आलाय मला. मंजुश्रीचे वडील तावातावानं येऊन गेले. मोठ्या मॅडम म्हणल्या, आजच्याला आजीशी बोला, न्हाईतर उद्यापासून पाठवू नका म्हणून सांगा.

शिवम्मा : असं नका करू, बाई. आधीच्या बालवाडीनंबी काढला त्याला. आता कुठं घालू?

भुवनेश्वरी : मग खरं सांगा. घरी ह्याला न्हाई कोण म्हणतं?

शिवम्मा : कोण म्हणंल?

भुवनेश्वरी : आई?

शिवम्मा : शैलश्री? सासऱ्याचं नाव ठेवलंय ह्याला. सून सासऱ्याला काय बोलणार? अप्पा, जेवता का. अप्पा, निजता का. असंच चालतंय.

भुवनेश्वरी : एवढ्याशा पोराला अहोजाहो?

शिवम्मा : मालक गेले, अन् वर्साच्या आत ह्यो झाला. त्येच परत आले म्हणली सगळी. थोरली नात झोपाळ्यावर बसली अन् ह्यो आला, की तिला उठावं लागतंय.

भुवनेश्वरी : अन् न्हाई उठली तर?

शिवम्मा : चावतोय.

भुवनेश्वरी : म्हणजे आख्ख्या गावात ह्याला थांब म्हणणारी मी एकटीच. राग येतोय मला, आजी. पोराचा न्हाई, तुमचा.

शिवम्मा : येऊ द्या. मालक बी असेच होते. ताट यायला उशीर झाला की भिरकावून द्यायचे. सारा जन्म गेला, मला त्येंच्यापुढं न्हाई म्हणता आलं न्हाई. आता ह्याच्यापुढं बी जीभ उचलंना.

भुवनेश्वरी : हा तो माणूस न्हाई. ह्याला अजून चड्डीचं बटन लावता येत न्हाई.

शिवम्मा : व्हय. मीच लावते.

भुवनेश्वरी : आपली चटई गुंडाळल्याबिगर इथनं कुणी घरी जात न्हाई. मघापासून सांगायलेय, ऐकंना. तुम्ही सांगून बघा.

शिवम्मा : अप्पा, तेवढी चटई ठेवता का?

भुवनेश्वरी : असं न्हाई. नावानं हाक मारा.

शिवम्मा : मालकाचं नाव? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, बाई.

भुवनेश्वरी : नातवाचं नाव घ्या.

शिवम्मा : पंचाक्षरी.

भुवनेश्वरी : बघितलं बी न्हाई त्यानं.

शिवम्मा : पंचाक्षरी, चटई गुंडाळ. तवर मी हितंच बसते.