गोलपोस्टवरचा नारळ

दोष आमच्या हॉकी कोचचा, सावंत सरांचा, दुसऱ्या कुणाचा नाही. सीझनचा नारळ त्यांनी अंधेरीच्या टर्फवर, थेट गोलपोस्टवर फोडला.

मी म्हटलं, "सर, गेटबाहेर फोडा ना, तुकडे उडतील."

"कॉलेज सोडलेल्यांनी मला अक्कल शिकवू नये."

पहिल्याच सरावात नेल्सन घसरून पडला. पेनल्टी कॉर्नरवर हमखास गोल मारणारा आमच्यात तो एकटाच. घोटा मोडला, सीझन संपला त्याचा.

सर म्हणतात, "नजर लागली रे पोराला."

"नजर कसली सर, करवंटी आहे बुटाखाली!"

नेल्सनच्या जागी कॉर्नर मी मारले, जमतील तसे. टीम शेवटून दुसरी आली. नेल्सन आता झकास पळतो, मला कॉर्नर शिकवतो. यंदाचा नारळ नव्या कोचने गेटबाहेर फोडला.

सावंत सरांची नोकरी गेली.