वॉटरबॅगचं पाणी अन् मोझॅक फरशी

फरशी कशी निवडावी ते आमच्या हिच्याकडून शिका. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, त्यात दुष्काळ, नळाला आठ दिवसांनी पाणी. घरात दोन पोरं, दिवसभर नुसती पळत असलेली. मला चकचकीत मोझॅक पाहिजे होती, हिला खडबडीत शहाबादी.

फरशीच्या दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणाला, "वहिनी, मोझॅक लई टिकते. पोरं बी घसरत न्हाईत."

हिनं पोराची वॉटरबॅग उघडली अन् सरळ दुकानात अंथरलेल्या मोझॅकवर ओतली.

"अहो, पाणी!" म्हणत दुकानदार फडकं घेऊन पळत आला अन् धाडकन आडवा झाला.

मी हात दिला, तर पडल्या पडल्या म्हणतो, "वहिनी, शहाबादीच न्या. पण आधी हे पाणी फडक्यानं टिपून बादलीत पिळा, नळ आठ दिवसांनी येतोय."