मोठा पाळणा आणि आईची पिशवी

शहरातली पन्नास वर्षांची पाळण्यांची बाग उद्यापासून कायमची बंद होणार होती. मोठ्या पाळण्याची रांग फाटकापर्यंत गेलेली. चालकाचे हात दांड्यावर होते आणि कान पुढच्या मायलेकांकडे.

“आई, आरसेमहाल आठवतो? बाबा त्यात बुटके दिसायचे.”

“तुम्ही सांगितलंत म्हणून ठाऊक. मी आत कधी गेले?”

“आणि तळ्यातल्या होड्या?”

“काठावरून पाहिल्या. मांडीवर तुम्हा चौघांच्या चपला घेऊन.”

“तुला भीती वाटायची ना? बाबा म्हणायचे, आईला चक्कर येते.”

“चक्कर त्यांना यायची. वर गेले की डोळे मिटून घ्यायचे. खालून दिसायचं मला.”

“मग बोलली का नाहीस कधी?”

“विचारलं कोणी? पिशवी हातात द्यायचात आणि धूम ठोकायचात. मलाही वाटायचं, जाऊ पुढच्या खेपेला. बाग काय पळून जातेय!”

चालकाने साखळी काढली.

“चल आई, मी बसतो तुझ्याशेजारी.”

“नको, तू खाली थांब,” म्हणत तिने पिशवी त्याच्या हातात दिली. “आणि वर बघत राहा. मी बघायचे तसं.”